आरशावरचा टॉवेल

१

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वही नाहीशी झाल्याचं कळलं आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी चोर ठरलासुद्धा. मधल्या दोन मिनिटांत हॉटेलच्या मॅनेजरने एकच प्रश्न विचारला, "खोलीत कोण गेलं होतं?" आणि वहीच्या मालकाने एकच उत्तर दिलं, "खोली आवरायला येते ती बाई. दुसरं कुणी नाही."

झालं. मॅनेजरने तळहात पुढे केला. चौथ्या मजल्याच्या बोळात, चादरींच्या ढकलगाडीपाशी उभ्या असलेल्या त्या बाईने कमरेच्या पट्ट्यातून किल्ल्यांचा जुडगा सोडवला आणि त्या तळहातावर ठेवला. बोलायला तिला कुणी वावच दिला नव्हता.

आत्याने हे आपल्या खोलीच्या दारातून पाहिलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली.

आत्या म्हणजे वहीच्या मालकाची सख्खी आत्या, त्याच्या बापाची थोरली बहीण. पण कारखान्यातले झाडून सगळे तिला आत्याच म्हणत. कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात तिचं काम एकच: नवं रंगलेलं कापड ठरलेल्या छटेशी जुळतं का, ते डोळ्यांनी बघून सांगायचं. छत्तीस वर्षं तिने हेच केलं. आता उतारवयात पहिल्यांदा परदेशी आली होती, तीही भाच्याने हट्टाने आणली म्हणून. पाच दिवसांत तीन गावं, तीन गाद्या आणि तीन तऱ्हांचे नळ. एक उजवीकडे फिरवला की गरम, एक वर उचलला की गार, आणि एक नुसता हात दाखवला की अंगावर धावून येणारा. रोज सकाळी सामान बांधायचं, काट्यावर जोखायचं, आणि ज्या उशीची आत्ता कुठे ओळख झाली तिला सोडून निघायचं.

मॅनेजर त्या बाईला तळघरात घेऊन गेला. आत्याही मागोमाग गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, अडवलंही नाही. तळघरात हॉटेलची लॉन्ड्री होती. सात-आठ अजस्र यंत्रं घुमत होती, वाफेने भिंती घामेजल्या होत्या, आणि दहा-बारा करड्या झग्यांतली माणसं चादरींच्या घड्या घालत होती. त्या सगळ्यांदेखत मॅनेजरने बाईची पिशवी टेबलावर उलटी केली. एक कंगवा. गुडघ्याला लावायचं मलम. बसचा पास. कागदात गुंडाळलेला पावाचा तुकडा. आणि एक चष्मा, काडीला चिकटपट्टी लावलेला.

वही नव्हती.

घड्या घालणारे हात थांबले होते. बाईची नजर पिशवीवर नव्हती, त्या थांबलेल्या हातांवर होती.

मॅनेजर म्हणाला, आणि त्याच्या कामापुरत्या इंग्रजीतलं आत्याला तेवढं कळलं: "अकरापर्यंत वही मिळाली नाही, तर हिला काढून टाकतो. ज्या एजन्सीने पाठवली तिलाही कळवतो. या शहरातल्या एकाही हॉटेलात हिला काम मिळणार नाही."

आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन तास.

२

"अरे, तुझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं का?" लिफ्टमधून बाहेर पडताच आत्याने भाच्याला धरलं. "त्या बाईची झडती घेताना तू जिन्यात उभा राहून बूट न्याहाळत होतास!"

"आत्या, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. लोकांना माझी भाषा कळत नाही, हे या देशाचं मला आवडलेलं एकमेव आहे."

भाचा सोफ्यावर बसला. पस्तिशीचा, बापामागे कारखाना अंगावर पडलेला, तसा मनाने वाईट नव्हे. पण आज त्याच्या चेहऱ्यावर पाण्यात जास्त वेळ राहिलेल्या कापडासारखी कळा होती.

ती वही म्हणजे काही साधी चोपडी नव्हती. जाड पुठ्ठ्याची, कारखान्याच्या सगळ्या छटांचे तुकडे डकवलेली, आणि शेवटच्या पानावर तो डाळिंबी लाल. तो लाल आत्याने दोन वर्षं खपून बसवला होता. इथल्या मोठ्या गिऱ्हाईकाने त्या तुकड्यावर सही करून शिक्का मारला होता: आम्हाला हाच हवा. त्यांच्याकडचा अर्धा तुकडा त्यांनी दुकानाच्या काचेत मांडला आणि उन्हाने पार उडवून टाकला. म्हणून त्यांनी लिहिलं होतं, येताना तुमचा मूळ तुकडा आणा; पाठवलेल्या नव्या कापडाशी आमच्यासमोर जुळवून दाखवा. आज बारा वाजता. अख्ख्या जगात आता तो एकच तुकडा उरला होता.

"नवं कापड मी अजून पाहिलेलं नाही," आत्या म्हणाली. लेकीच्या बाळंतपणाला ती दीड महिना गेली होती. तेवढ्यात नवं कापड रंगलं, भाच्यानेच पास केलं आणि जहाजाने रवानाही झालं. आत्या परतली ती थेट विमानात बसायला. "वही शेवटची कधी उघडली होतीस?"

"घरून निघाल्यापासून उघडलीच नाही. कपाटात होती. सव्वाआठला मी तुझी बॅग खाली सामानखोलीत ठेवली, तसाच नाश्त्याला गेलो. नऊनंतर वर आलो तर खोली आवरलेली आणि कपाट रिकामं. आता तूच सांग, दुसरं कोण?"

"मी कशाला सांगू? तू सांगून मोकळा झालायस ना!"

बाकीच्यांचं सामानही एव्हाना तपासून झालं होतं. भाच्याची बॅग, हँडबॅग, सोबत आलेल्या विक्रीप्रमुखांची बॅग. सामानखोलीत आत्याच्या बॅगेशी पहारेकरी वाकला तेव्हा भाच्यानेच त्याला थांबवलं होतं: "वडीलधारं माणूस आहे, तिची राहू द्या."

साडेनऊला बाराच्या भेटीसाठी बोलावलेली दुभाषी आली. ठरलेल्या वेळी, फाटकातून सरळ आत. इथे वीस वर्षं राहिलेली. तिची मराठी ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखी होती, जुन्या वळणाची पण कोरी. भाचा आत्याच्या कानाशी लागला. "हिलाही वहीचं महत्त्व ठाऊक होतं. आता ती इथलीच झालीय..."

"इथलीच झालीय, बहिरी नाही झालेली," दुभाषी म्हणाली. "साडेनऊपर्यंत मी बसमध्ये होते, साहेब. तिकीट दाखवू?"

आत्याला ती मुलगी तत्क्षणी आवडली. दोघी तळघरात गेल्या. साफसफाईवाल्या बाईला चादरींच्या कोठारात एका स्टुलावर बसवून ठेवलं होतं, दाराशी पहारेकरी. दुभाषीने तिला चार शब्द विचारले. बाईने मान वर केली आणि एका दमात काहीतरी सांगितलं.

दुभाषीचा चेहरा बदलला.

"आत्या, ही म्हणते, चोर तुम्ही तुमच्यात शोधा. सव्वाआठला तिने तुमच्यातल्या एका माणसाला मागच्या जिन्याने पळताना पाहिलं. कोटाच्या आत काहीतरी दडवलं होतं त्याने."

३

मागच्या जिन्याने पळण्यासारखा त्यांच्यात एकच माणूस होता. विक्रीप्रमुख. कारखान्यात त्याला 'इस्त्रीसाहेब' म्हणत, कारण विमानात नऊ तास झोपून उठला तरी त्याच्या सदऱ्याची कड वाकडी नसे. तो नाश्त्याला वीस मिनिटं उशिरा आला होता, हे आत्याला आता आठवलं.

तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता.

"सव्वाआठला कुठे होता?"

"खोलीत."

"मागच्या जिन्यात तुमचा जुळा भाऊ होता वाटतं."

इस्त्रीसाहेब थबकला. मानेपासून कानापर्यंत लाल झाला, आणि तो लाल काही डाळिंबी नव्हता. "आत्या, हे कुणाला सांगणार नसाल तर सांगतो."

"चोरी असेल तर ओरडून सांगेन."

"चोरी कसली! इकडे या." त्याने आपल्या खोलीचं दार उघडलं, बॅगेच्या तळातून एक पिशवी काढली आणि तीतून एक पांढरा सदरा. सदऱ्याच्या पाठीवर, बरोबर मधोमध, इस्त्रीचा तपकिरी डाग. होडीच्या आकाराचा, चांगला वीतभर. "इथली इस्त्री कमालीची तापते हो! फोन आला म्हणून क्षणभर ठेवली, तर..." त्याने डागावरून बोट फिरवलं. "कोटाखाली बनियनवर धावलो. समोरच्या दुकानातून हा नवा घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा!"

आत्याने पदर तोंडाला लावला. खरं तर रागाने ती इतकी भरली होती की हसू फुटलं हे तिचं तिलाच नवल वाटलं. नव्या सदऱ्याच्या कॉलरमागे दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.

"ही आधी तोडा," ती म्हणाली. "आणि सांगा, तेव्हा आणखी कुणी दिसलं?"

"मालक दिसले ना, लिफ्टपाशी. तुमची बॅग ओढत चालले होते. घामाघूम. मी म्हटलं द्या इकडे, तर एकदम खेकसले, 'नको, मी नेतो.' मला वाटलं, माझा अवतार बघून चिडले असतील."

आत्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. बॅगेला चाकं होती, आणि खाली फक्त लिफ्टने जायचं होतं. घाम कसला?

पण भाच्यावर संशय घ्यायचा तरी का? वही त्याची. सौदा त्याचा. वही गेल्याने नुकसान व्हायचं तेही त्याचंच.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

४

चादरींच्या कोठारात आत्या त्या बाईसमोर एका गाठोड्यावर बसली. स्वच्छ कापडाचा वास दोघींनाही घरच्यासारखा होता.

"तिला म्हणावं, माझा भाचा चुकला. म्हणावं, तू आत गेलीस तेव्हा खोलीत जे दिसलं ते सांग. सगळं. क्षुल्लक वाटलं तरी."

बाई आधी बोलायला तयार नव्हती. मग कडवट हसली. दुभाषी सांगू लागली.

"म्हणते, मॅनेजरला मी सांगितलं तर तो म्हणाला गोष्टी रचू नकोस. तुमचे ते साहेब वेडे आहेत, म्हणते. अठरा वर्षं खोल्या आवरते आहे, अशी खोली पाहिली नाही. भिंतीवरच्या मोठ्या आरशावर न्हाणीतला टॉवेल टांगलेला. पलंगावरचा हिरवा पलंगपोस काढून गोळा करून कपाटात कोंबलेला. सगळे दिवे बंद. आणि उशीचा पांढरा अभ्रा खिडकीच्या कट्ट्यावर ताणून अंथरलेला. चारी कोपऱ्यांवर साबणाच्या चार वड्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. शेजारी खुर्ची, अशी तिरकी." दुभाषीने हाताने दाखवलं. "खुर्चीत बसलं तर खिडकी डाव्या खांद्याला येईल, अशी."

आत्या गाठोड्यावरून पुढे सरकली.

"कपाटात पलंगपोस कोंबलेला होता, म्हणजे हिने कपाट उघडलं. वही होती तिथे?"

बाईने ठाम मान हलवली. नव्हती.

"म्हणते, मी आरसा उघडा केला, पलंगपोस घातला, अभ्रा धुवायला टाकला, साबण जागेवर ठेवला. आता माझं म्हणणं खरं आहे हे दाखवायला माझ्याकडे काय उरलं? मी माझं काम नीट केलं, हाच माझा गुन्हा."

आत्याने पुढे होऊन त्या बाईचे दोन्ही हात धरले. सोडाखारीने, साबणाने, गरम पाण्याने चरचरीत झालेले हात. कारखान्यातल्या बायकांचे अस्सेच असतात.

"तिला सांग," आत्या म्हणाली, "की ती खरं बोलतेय हे ओळखणारं माणूस या अख्ख्या देशात एकच आहे, आणि ते तिच्यासमोर बसलंय."

"का, आत्या? त्या टॉवेलचा अर्थ काय?"

"तो टॉवेल टांगायला," आत्या उठत म्हणाली, "मीच शिकवलंय."

५

इस्त्रीसाहेबाच्या कागदपत्रांत नव्या कापडाचा एक हातभर तुकडा होता. आत्याने तो मागून घेतला आणि हॉटेलच्या अंगणात आली. दुभाषी मागोमाग.

मागचे चार दिवस आभाळ ओल्या राखेसारखं होतं. आज पहाटे ते फाटलं होतं आणि स्वच्छ, धुतलेला उजेड अंगणभर पसरला होता. आत्याने भिंतीच्या सावलीत पांढरा रुमाल अंथरला, त्यावर तो तुकडा ठेवला, आणि डावा खांदा उजेडाकडे करून उभी राहिली.

"कापडाची छटा बघायची तर आजूबाजूचे रंग आधी झाकायचे," ती सांगू लागली. "हिरवा पलंगपोस असेल तर त्याची छाया लालावर पडते. आरसा असेल तर तो सगळ्या खोलीचा रंग परत फेकतो. दिवे बंद. खाली पांढरं, सुरकुती नसलेलं. हे आमच्या कारखान्याबाहेर कुणी करत नाही, कारण ही माझी पद्धत. इस्त्रीसाहेबाला ही ठाऊक नाही, तो रंग विकतो, बघत नाही. माझ्या कडेला उभं राहून हे शिकलेला सगळ्या दौऱ्यात एकच आहे. आठ वर्षांचा असल्यापासून शिकला."

"म्हणजे वही आज सकाळी उघडली होती. आणि ते तर म्हणाले..."

"उघडलीच नाही म्हणाला. हं."

तिने वाकून तुकड्याकडे पाहिलं. मूळ तुकडा समोर नव्हता, पण तो लाल तिच्या डोळ्यांत दोन वर्षं मुक्कामाला होता. तिने क्षणभर डोळे मिटले, उघडले. मग तिने तोच तुकडा उचलून दाराच्या आत, पिवळ्या दिव्याखाली नेला आणि पुन्हा पाहिला. आत असताना तो डाळिंबी होता. बाहेर आणताच त्याच्या पोटातून जांभळट निळं डोकावत होतं.

कारखान्यात नव्या पोरींना शिकवताना ती एक ओवी म्हणे, तिचीच केलेली. आता ती नकळत ओठांवर आली.

*दिव्याच्या उजेडी गं दोघी बहिणी वाटती,*
*दारी येता ऊन, सख्ख्या सावत्र कळती.*

"नेहमीचा रंग मिळाला नसेल," ती म्हणाली. "दुसरे दोन मिसळून काम भागवलं. आणि पास केलं ते संध्याकाळी, दिव्याखाली, घाईत. मी असते तर हात तोडून ठेवला असता त्याचा. इथे चार दिवस ऊनच नव्हतं. आज ऊन आलं, याला हुक्की आली, वही काढली, टॉवेल टांगला... आणि पायाखालची जमीन सरकली. बारा वाजता गिऱ्हाईक हेच करणार. मूळ तुकडा शेजारी ठेवणार."

"मूळ तुकडाच नसेल तर?" दुभाषी हळूच म्हणाली.

"तर शेजारी ठेवायला काहीच नाही."

मग दुभाषीने विचारलं, "पण वही गेली कुठे? त्यांची बॅग तपासली, खोली तपासली. फाडून टाकली असेल?"

"फाडणार नाही. रंगाऱ्याच्या घरचा आहे. मूळ तुकडा फाडायला त्याचा हात धजणार नाही. त्याने ती ठेवलीय. अशा जागी, जिथे हात घालायची कुणाची प्राज्ञा नाही." आणि हे बोलता बोलताच आत्याचा चेहरा असा झाला की दुभाषीने तिला आधाराला धरलं.

"सगळ्यांच्या बॅगा उघडल्या," आत्या म्हणाली. "एक सोडून."

६

अकराला दहा कमी असताना सामानखोलीत सहा जण उभे होते: मॅनेजर, भाचा, इस्त्रीसाहेब, दुभाषी, आत्या आणि ती बाई. बाईला आत्याने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मॅनेजरने तिला दाराबाहेर थांबायची खूण केली, तेव्हा आत्याने स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"आत्या, हे काय चाललंय? आपल्याला निघायचंय," भाचा म्हणाला.

"निघू या की. सामान जोखून निघू." आत्याने पर्समधून हाताएवढा काटा काढला. पहिल्या विमानतळावर जादा वजनासाठी चारचौघांत बॅग उपसावी लागली होती; तेव्हापासून ती रोज सकाळी बॅग जोखत होती आणि आकडा काट्याच्या दोरीला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहीत होती. "आज सात वाजताचा आकडा वाचा हो, इस्त्रीसाहेब."

"साडेएकोणीस."

"आणि ही तेव्हापासून बंद आहे. मी उघडली नाही. आता उचला."

इस्त्रीसाहेबाने काटा अडकवून बॅग उचलली. आकडा थरथरला आणि थांबला. एकवीस.

"दीड किलो," आत्या म्हणाली. "माझा राग काही मी बॅगेत भरला नव्हता. तो इथेच आहे, सगळाच्या सगळा."

दुभाषी प्रत्येक वाक्य त्या बाईला सांगत होती. मॅनेजरला नाही, आधी बाईला. आत्याने टॉवेलपासून लालापर्यंत सगळं सांगितलं. भाच्याने एकदाही मान वर केली नाही. शेवटी तो खाली बसला, बॅगेची चेन ओढली, तळाच्या शालीखाली हात घातला आणि वही बाहेर काढली.

"मला वाटलं होतं, वाटेत हरवली असं सांगीन," तो पुटपुटला. "कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं मला. पण मॅनेजरने विचारलं, आणि... तोंडातून निघून गेलं."

"निघून गेलं? मग नऊपासून आत्तापर्यंत परत का नाही आलं? माझी बॅग वापरलीस, माझं म्हातारपण वापरलंस, ते मी घरी बघेन. पण तिची पिशवी तिथे ओतली तेव्हा तू जिन्यात उभा होतास, बाळ. आपल्याकडे ज्यांच्या हातांवर कारखाना चालतो, त्यांच्यातलीच एक आहे ती. आपल्या एकीला असं कुणी केलं असतं तर तुझ्या बापाने काय केलं असतं?"

आत्याने त्याच्या हातातून वही काढून घेतली.

"आता बाराला जायचं, दोन्ही तुकडे त्यांच्या खिडकीत ठेवायचे आणि सांगायचं की रंग चुकला, पुन्हा करून देतो. त्यांनी हाकललं तर हाकलून घ्यायचं."

मॅनेजरने हात झटकले. प्रकरण मिटलं, असं काहीतरी म्हणाला, आणि जुडगा बाईपुढे धरला. दुभाषीने तुटकपणे भाषांतर केलं: "म्हणतो, तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या अजून व्हायच्यात, लवकर ये."

आत्याला वाटलं आपलं डोकं फुटेल. "एवढंच?"

बाईने किल्ल्या घेतल्या नाहीत.

भाचा उठून तिच्यासमोर आला. दुभाषीला म्हणाला, "यांना सांगा, झाल्या प्रकाराबद्दल मला वाईट वाटतं. गैरसमज झाला."

"हे मी सांगणार नाही," दुभाषी म्हणाली.

"म्हणजे?"

"गैरसमज कुणाचा झाला, साहेब? तुमचा? तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. जे झालं ते बोला, ते मी शब्दन् शब्द सांगेन. त्यासाठीच मला बोलावलंय."

भाच्याने आत्याकडे पाहिलं. लहानपणी रंगाच्या टाकीत चेंडू पडला की असाच पाहायचा. आत्याने नजर काढून घेतली.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "वही मीच लपवली होती."

दुभाषीने सांगितलं. बाईने ऐकून घेतलं. चष्म्याच्या चिकटपट्टीची एक कड सुटली होती, ती तिने बोटाने दाबून बसवली. मग ती उठली आणि पहिल्यांदाच थेट भाच्याशी बोलली, हळू, एकेक शब्द ठेवत.

"म्हणते," दुभाषी म्हणाली, "माझी पिशवी इथे नाही उलटी केली. खाली केली. तिथे अकरा माणसं होती. काहींबरोबर मी अठरा वर्षं जेवते. उद्याही जेवायचंय. इथे सांगून मला काय उपयोग?"

मॅनेजर घड्याळाकडे बघत काहीतरी म्हणाला, पण त्याचं भाषांतर दुभाषीने केलंच नाही.

भाचा जिन्याकडे निघाला. त्याच्यामागे बाई, बाईमागे आत्या, आत्यामागे दुभाषी. आणि अगदी शेवटी, नवा सदरा घातलेला इस्त्रीसाहेबसुद्धा. मॅनेजर जुडगा हातात घेऊन वरच उभा राहिला, मग त्यालाही उतरावं लागलं.

लॉन्ड्रीत वाफ होती, घरघर होती. भाचा टेबलापाशी उभा राहिला. कोटात, टायमध्ये, ओल्या फरशीवर. त्याने तोंड उघडलं. काहीच ऐकू गेलं नाही.

तेव्हा त्या बाईने दाराजवळच्या यंत्राची कळ दाबली. ते गुरगुरत थांबलं. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईने आपलं बंद केलं. मग तिसरं, मग चौथं. हातातल्या चादरी खाली ठेवून एकेक जण आपापलं यंत्र बंद करत गेला, आणि शेवटच्या पिंपातलं पाणी फिरायचं थांबेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले.